बासष्टचे अकरा रुपये

निजामपुरा, बडोदे
३ ऑगस्ट १९८७

दादा,

नऊ वर्षांत तुला पत्र लिहिलेलं नाही. मायना काय घालावा यातच दोन कागद वाया गेले, तेव्हा मायन्याशिवाय लिहिते. तू आणि शालिनीवहिनी ठीक असाल असं धरते.

काम असं आहे. रावपुऱ्यातल्या बँकेची शाखा नव्या इमारतीत जाते आहे आणि तीस सप्टेंबरच्या आत जुने लॉकर रिकामे करायचे आहेत. आपला लॉकर दोघांच्या नावावर आहे, दोघांच्या सह्यांशिवाय उघडत नाही. तशी अट तू घातली होतीस आणि मी तिथल्या तिथे मान्य केली होती. मुदतीत उघडला नाही तर बँक पंचांसमोर तो फोडील, आतला डबा सीलबंद करील आणि पुढे तो सोडवायला कोर्टाचा कागद लागेल. नोटिशीची नक्कल सोबत आहे.

ती नोटीस घेऊन मी परवा शनिवारी बँकेत गेले होते. लॉकरचं काम पाहणाऱ्या मृदुलाबेन म्हणून एक तरुण बाई आहेत. त्यांनी विचारलं, "अंदर शुं छे, बेन?"

मी म्हटलं, "रुपये. अकरा."

"अकरा रुपये लॉकरमध्ये?" त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे. मग सांगावं लागलं. आमचे वडील श्रीपतराव आधी संस्थानच्या खजिन्यात होते आणि विलीनीकरणानंतर जिल्हा कचेरीत. चाळीस वर्षं त्यांनी नाणी जमवली. जाताना लिहून ठेवलं की एकसाली घडणीची नाणी मुलीने घ्यावीत आणि मालिकेतली सगळी मुलाने. एकसाली म्हणजे नाण्यांची मालिका चालू असताना जी घडण एकाच वर्षी निघाली आणि पुढच्या वर्षी बदलली, ती. बाकी सगळ्याची वाटणी सुरळीत झाली. अडलं ते राणीच्या रुपयांवर. अकराच्या अकरा रुपयांवर साल आहे १८६२. बहीण म्हणाली, साल एकच आहे म्हणजे हे एकसाली, माझे. भाऊ म्हणाला, एका सालाचे अकरा बाबांनी उगीच नाही जमवले, ही मालिका आहे, माझी.

"मग?" मृदुलाबेन म्हणाल्या.

"मग मोहनकाका म्हणून आमचे एक चुलते होते, त्यांनी डबा तुमच्या लॉकरमध्ये ठेवायला लावला. दोघं शांत झालात की उघडा, म्हणाले."

"आणि शांत किती वर्षांनी झालात?"

मी नोटिशीची घडी घालून पिशवीत टाकली आणि निघाले. सहीसाठी कोणत्या तारखेला येऊ शकशील ते कळव. बाकी काही लिहायचं नाही.

निरुपमा


१९ ऑगस्ट १९८७

दादा,

तुझं कार्ड पोचलं. "तारीख ठरव, येण्याचं बघतो, जुनं उकरणार नाही." तीन वाक्यं, तीही वहिनींच्या अक्षरात. स्वतः लिहायचंही तुझ्या जिवावर आलेलं दिसतं. असो.

तारीख ठरण्याआधी आणखी एक कागद लागणार आहे. लॉकर घेताना त्यांच्या नोंदवहीत "मालकीबद्दल मतभेद" असा शेरा पडला होता. आता आतलं सामान कुणी न्यायचं याचं निवेदन दोघांच्या सहीने द्यायला हवं. तू जुनं उकरणार नाहीस हे ठीक, पण बँकेने उकरलंच आहे.

म्हणून मी गुणवंतभाईंकडे गेले. बाबांच्या पिढीतले नाण्यांचे जाणकार आता बडोद्यात तेवढेच उरलेत. पंचाहत्तरीला आले. घड्याळाचं दुकान मुलगा चालवतो, पण सकाळी अकरा ते एक ते अजून काउंटरमागे डोळ्याला भिंग लावून बसतात. मला पाहून लगेच उठले. "आवो आवो, निरूबेन!" रस्त्यावर इतक्या रिक्षा आणि स्कूटर की आम्हाला ओरडूनच बोलावं लागत होतं. यंदाही पावसाने तोंड फिरवलंय, दुकानातल्या पंख्यातून नुसती गरम धूळ अंगावर येते.

मी म्हटलं, मला तटस्थ मत लेखी हवं आहे. एकसाली कशाला म्हणायचं?

बाबांबरोबर तीस वर्षं बसून ते आपल्यासारखंच मराठी बोलतात, फक्त हेल त्यांचा. त्यांनी हिरव्या कापडावर तीन नाणी मांडली. पहिला १९११ चा रुपया. राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, बोभाटा झाला, पुढच्या वर्षी हत्तीला नीट सोंड काढून दिली. "मालिका तीच, राजा तोच, पण ही घडण एकच वर्ष. हा पक्का एकसाली. याच्यावर भांडण नाही." दुसरा चौसष्टचा गोल पैसा. त्यावरचा 'नया' हा शब्द त्या वर्षी गेला आणि पासष्ट साली पैसा चौकोनी, ॲल्युमिनियमचा झाला. "एक शब्द गेला, एवढ्याने घडण बदलली म्हणायचं का? काही म्हणतात, नाही, ही नुसती उपजात. मी म्हणतो, हो. श्रीपतरावसुद्धा हो म्हणायचे." तिसरा सत्तेचाळीसचा वाघाचा रुपया. तो एकच वर्ष निघाला, कारण पुढे राजाच राहिला नाही. तिथे मालिकाच संपली, तर त्याला मालिकेतला एकसाली म्हणायचं की मालिकेचा शेवट? बाबांनी तो एकसालीत धरला होता, तो माझ्या वाटणीत आलाही. कुणाच्या जयंतीसाठी काढलेली नाणी मात्र यात धरायची नाहीत. ती एकदाच काढायची म्हणून काढलेली असतात.

"आणि बासष्टचा?" मी विचारलं.

त्यांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. "बासष्टचा रुपया लबाड आहे, बेन. टाकसाळीने पुढची बारा-एक वर्षं तेच साल उठवलं. मुंबईवाल्यांनी वर्ष ओळखायला बारीक ठिपके टाकले, कधी सालाच्या खाली, कधी वर. म्हणजे नाण्यावर साल एक आणि पाडलेलं मात्र दरवर्षी."

"म्हणजे एकसाली म्हणता येईल?"

"तुम्ही नाण्यावरचं साल धरता की टाकसाळीतलं, त्याच्यावर आहे. वस्तूकडे बघून वर्गवारी करणारा एक म्हणेल, इतिहास बघणारा दुसरं. मी लिहून देतो की दोन मतं होऊ शकतात."

त्यांनी तसं लिहून दिलं. तो कागद सोबत आहे. म्हणजे नऊ वर्षांपूर्वी मी जे म्हणत होते त्यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही, हे तुझ्या लक्षात येईल. ते आणखीही काही विचारत होते, पण तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि मी निघाले.

निवेदनात काय लिहायचं याबद्दल तुझा विचार कळव.

निरुपमा


३१ ऑगस्ट १९८७

दादा,

तुझ्या उत्तराची वाट न पाहता हे लिहिते आहे. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. गिऱ्हाईक कुणी आलं नव्हतं.

गुणवंतभाईंनी तो कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "पण माझं मत काय आणि तुमचं काय, याला महत्त्व नाही. श्रीपतराव एकसाली कशाला म्हणत होते, ते महत्त्वाचं. शब्द त्यांचा आहे. तुम्हाला कधी बोलले नाहीत?"

मी म्हटलं, "नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ठीक छे, बेन," आणि काउंटरचा खण बंद केला. मी घरी येऊन तुला ते पत्र लिहिलं, टाकलं आणि तेव्हापासून माझ्या हातून काही धड होत नाही. परवा भाजीत मीठ दोनदा घातलं. चौतीस वर्षं मुलींना गणित शिकवलं, कॉपी करणाऱ्या मुलीला बाकावर उभी केली. छप्पन्नाव्या वर्षी एका म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर खोटं बोलून आले.

बाबा मला बोलले होते. नुसते बोलले नव्हते, त्यांनी लिहूनही घेतलं होतं.

सत्त्याहत्तरच्या हिवाळ्यातली गोष्ट. त्यांचा एक डोळा गेलाच होता आणि दुसऱ्यात मोतीबिंदू. साखरेमुळे डॉक्टर ऑपरेशन करायला तयार नव्हते. मी शाळेतून साडेचारला यायची. रावपुऱ्याच्या घरात मागच्या गॅलरीत सहापर्यंत चांगला उजेड असे. आम्ही तिथे बसायचो. बाबा रुपया कडेने धरून माझ्यापुढे करायचे आणि मी भिंगातून ठिपके बघायची.

"खाली किती?"

"खाली एक."

"वर?"

"वर काही नाही."

"मळ असेल. दुसरीकडून उजेड घे."

पहिल्या आठवड्यात मला मळ आणि ठिपका यातला फरक कळत नव्हता. पुढे इतका कळायला लागला की मी सांगेन ते बाबा न विचारता लिहायला सांगत. अकरा रुपये आम्ही असे तीन महिन्यांत लावले. कुठला कुठल्या वर्षीचा, कुठल्याबद्दल शंका आहे, सगळं वहीत उतरवलं. अक्षर माझं, सांगणं त्यांचं. वहीच्या डाव्या पानावर मालिका, उजव्यावर एकसाली.

बासष्टचे कुठे लिहू, म्हणून मीच विचारलं. "साल तर सगळ्यांवर एकच आहे बाबा. एकसालीत लिहू का?"

ते हसले. "साल गोठलंय ग. टाकसाळ कुठे गोठली होती? दर वर्षी माणसं कामावर येत होती, रुपये पाडत होती. डावीकडे लिही."

मी डावीकडे लिहिलं. चौदावं पान.

बाबा मार्चमध्ये गेले. तेराव्याला सगळे जमले होते. जेवणं झाल्यावर बाबांचं पत्र वाचलं गेलं आणि मोहनकाका म्हणाले, निरूलाच विचारू कुठला डबा कशाचा, तीच सगळं बघत होती. तेव्हा तू म्हणालास, "निरूला त्यातलं काय कळतंय? ती डबे पुसायची."

कुणीकुणी हसलं. वाईट हेतूने नसेल. तू प्रवासाने दमला होतास, बाबा असताना येऊ शकला नाहीस याचंही मनात असेल. हे सगळं मला आज सुचतं. तेव्हा मी आत गेले, कपाटातून वही काढली, ब्लेडने चौदावं पान कापलं, माझ्या पेटीत तळाला घातलं आणि बाहेर येऊन म्हटलं, "ज्यावर एकच साल आहे ते एकसाली. बासष्टचे रुपये माझे."

तू म्हणालास, "बाबांना असं म्हणायचं नसेल."

मी म्हटलं, "कुठे लिहिलंय ते दाखव."

वही तू दोनदा चाळलीस. माझ्यासमोर चाळलीस.

आणखी एक आहे, तेही लिहून टाकते. बाबांनी केलेली वाटणीच मला लागली होती. तुला मालिका, कारण तुला मुलं, पुढे नातवंडं. मला सुटी, एकेकटी नाणी, ज्यांच्या मागेपुढे कुणी नाही. माझ्या लग्नाचं जमलं नाही हे त्यांनी असं लिहून ठेवलं, असं मला वाटलं. ते मी कधी कुणाला बोलले नाही. त्या अकरा रुपयांत मला निदान एक ओळ मिळणार होती, जी मी स्वतः लावली होती.

पण ती माझी नव्हती आणि मला ते ठाऊक होतं.

चौदावं पान सोबत पाठवते आहे. मूळ पान आहे, नक्कल नाही. बँकेच्या निवेदनात "सर्व अकरा नाणी रमाकांत यांची" एवढंच लिहून पाठव, मी सही करते. तू यावर काय म्हणशील मला माहीत नाही. काहीच म्हणाला नाहीस तरी चालेल.

इथवरचं आज सकाळी लिहून पाकिटात घातलं, ते उद्या पोस्टात रजिस्टर करीन. लिहून झाल्यावर जेवून जी आडवी झाले ती थेट चार वाजता उठले. कित्येक दिवसांत अशी झोप लागली नव्हती.

निरू


१७ सप्टेंबर १९८७

दादा,

तुझं जाड पाकीट काल आलं. पोस्टमनने सही घेतली आणि मी ते अर्धा तास तसंच टेबलावर ठेवून त्याच्याभोवती फिरत होते.

आधी वहिनींची चिठ्ठी उघडली म्हणून बरं. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि जुलैपासून तुझं वाचणं-लिहिणं बंद आहे, हे मला कोण सांगणार? मी आपली कार्डावरच्या अक्षराचा राग धरून बसले. म्हणजे माझी सगळी पत्रं वहिनींनी तुला मोठ्याने वाचून दाखवली! ते एकतीस तारखेचंसुद्धा! त्या लिहितात, "वाचताना मध्ये मला थांबावं लागलं, हे म्हणाले, थांबू नकोस, पुढे वाच." वहिनींना सांग, मला आता त्यांच्यासमोर लाजायला काही उरलं नाही, ते एका परीने सोपंच झालं.

तू सांगितलेलं त्यांनी जसंच्या तसं उतरवलंय असं दिसतं, कारण वाक्यं तुझीच आहेत. "ती डबे पुसायची असं मी म्हणाल्याचं मला आठवत नाही. पण शालिनी म्हणते मी म्हणालो, ती तिथेच होती. म्हणजे म्हणालोच. निरू, मला ते अकरा रुपये एकमेकांपासून ओळखतासुद्धा येत नाहीत. बाबांनी पत्रातून तीनदा समजावलं, माझ्या डोक्यात शिरलं नाही. तुझ्या डोक्यात शिरलं होतं, त्याचा मला राग होता."

दादा, हे तू नऊ वर्षांपूर्वी म्हणाला असतास, किंवा मी तुला विचारलं असतं... जाऊ दे. आता कळलं तेही पुष्कळ आहे.

मग पाकिटातलं बाबांचं तुला आलेलं पत्र. जानेवारी अठ्ठ्याहत्तरचं. ते त्यांनी शेजारच्या कुणाकडून लिहवून घेतलं असणार, कारण ते माझ्या अक्षरात नाही आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. त्यातला मजकूर मी आता पाठ म्हणू शकेन:

"मालिका तुझ्या गळ्यात घालतो आहे. ती कधी पुरी होत नाही. एखादं वर्ष राहतंच, मग पत्रं लिहा, बाजार हिंडा. तुला ती सवय नाही, पण मुलांना लागेल. एकसाली निरूला. त्यात एक नाणं मिळालं की काम संपलं. तिने माझ्यासाठी फार वर्षं घातली. माझ्या मागे तिच्यावर अर्धवट काही राहू नये."

मी ते उभ्या उभ्या वाचलं आणि मग खुर्चीवर बसून पुन्हा वाचलं. त्यांनी माझ्याकडे बिनलग्नाची मुलगी म्हणून पाहिलंच नव्हतं. दमलेली मुलगी म्हणून पाहिलं होतं. मी किती हलकी झाले हे तुला पत्रात सांगता येणार नाही. दुपारी खालच्या मजल्यावरच्या प्रेमलाबाई साखर मागायला आल्या, त्यांना मी साखरेबरोबर लाडूही दिले आणि त्या संशयाने बघायला लागल्या.

हे पत्र तू तेराव्याला का दाखवलं नाहीस ते त्याच्या शेवटच्या ओळींवरून कळलं. "दिवाळीला येतो म्हणालास, आला नाहीस. आता आलास तर तुला आवाजानेच ओळखावं लागेल." हे तू सगळ्यांसमोर कसं वाचणार होतास! मी तुझ्या जागी असते तर मीही घडी घालून ठेवलं असतं. पान कापणाऱ्या बाईने तुला बोल लावायचं काही कारण नाही.

तू अधिकारपत्र माझ्या नावावर करून दिलंस, वकिलाच्या शिक्क्यासकट. "निरूने एकटीने लॉकर उघडावा, सर्व नाणी ताब्यात घ्यावीत." माझी कबुली वाचल्यानंतर करून दिलंस. मृदुलाबेनना दाखवलं तर म्हणाल्या, "भाईनो विश्वास तो जुओ!" मी म्हटलं, हो, बघा.

अठ्ठावीस तारीख मिळाली आहे. गुणवंतभाईंना बरोबर नेते. त्यांच्याकडेही एक काम उरलंय.

निरू


२९ सप्टेंबर १९८७

दादा, वहिनी,

आता वाचणाऱ्यालाही मायन्यात घेते.

आधी मुख्य ते सांगते: डबा सुखरूप आहे. अकराच्या अकरा आहेत.

आता सविस्तर. काल सकाळी गुणवंतभाईंना घ्यायला दुकानात गेले. रिक्षात बसण्याआधीच म्हटलं, "मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं. बाबा मला बोलले होते." ते छत्री सावरत म्हणाले, "मला माहीत होतं, बेन. ते मलाही बोलले होते. अगदी याच रुपयांबद्दल."

"मग तेव्हा का नाही बोललात? तेराव्याला तुम्ही तिथेच होतात."

"घरचं भांडण. आणि रमाकांतभाई जे बोलले ते मलाही आवडलं नव्हतं. मला वाटलं, थोडे दिवस बहीण रागावू दे, तिचा हक्क आहे. ते थोडे दिवस नऊ वर्षं होतील असं कुठे वाटलं होतं?" रिक्षात बसून त्यांनी छत्री गुडघ्यांमध्ये धरली. मग म्हणाले, "या वेळी तुम्ही 'नाही' म्हणालात ना, तेव्हा तुमचा चेहरा बघून समजलं, आता फार दिवस लागणार नाहीत."

बँकेत मृदुलाबेनची किल्ली फिरली, माझी फिरेना. नऊ वर्षांत कुलूप जाम झालेलं. शिपाई तेलाची बुधली घेऊन आला, दोनदा तेल सोडलं, तरी हलेना. मला घाम फुटला. तळघर आहे, ओल येत असेल, चांदी काळी पडली असेल, कागद कुजले असतील, कायकाय मनात आलं. आपण दोघांनी बाबांची चाळीस वर्षं एका भोकात कोंडून ठेवली आणि नासवली, हे तुला कसं लिहायचं याची वाक्यंसुद्धा मी जुळवायला लागले होते. तिसऱ्यांदा किल्ली घातली आणि कट् करून फिरली. मृदुलाबेननी टाळी वाजवली, बँकेत असूनही.

डब्याच्या आतलं फ्लॅनेलचं अस्तर पिवळं पडलं आहे आणि एका कोपऱ्यात वाळवीने चव घेऊन सोडून दिलेली दिसते. रुपये कागदाच्या पुड्यांत होते तसेच. वर काळसर झाक आली आहे, पण गुणवंतभाई म्हणाले, ही झाक म्हणजे चांदीचं वय, ती घालवायची नाही. बँकेच्या टेबलावर आम्ही एकेक पुडी उघडली. मला भीती होती की आता मला काही ओळखू येणार नाही. पहिला हातात घेतला, कडेने धरला, उजेड तिरका घेतला. खाली एक, वर काही नाही. तोंडातून आपोआप निघालं. गुणवंतभाईंनी भिंगातून पाहून मान डोलावली. अकरावा संपेपर्यंत आजूबाजूला चार माणसं जमली होती आणि मॅनेजरसाहेब विचारत होते, माझ्याकडे आजोबांचा एक आहे, तो दाखवू का?

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तू लिहिलंस, या अकरांत जो खरोखर बासष्टमध्ये पाडलेला असेल तो तरी तू घे, तो एकसालीच झाला. दादा, नाही झाला. तुझ्या डोक्यात हे शिरलेलं नाही हे तू खरंच लिहिलंस. घडण पुढे चालू राहिली ना? मग पहिल्या वर्षीचा रुपया हा मालिकेतला पहिला. पुढच्या वर्षी घडण बदलली असती तर तो एकसाली. तो तुझा आहे. बाबांनी डावीकडे लिहायला सांगितलं होतं, डावीकडेच राहील. मला माझ्या डुकराच्या रुपयावर समाधान आहे, खरंच आहे. काल रात्रीच्या जेवणाआधी तो काढून पाहिला. त्यात काही जमवायचं राहिलेलं नाही, काही शोधायचं नाही. इतकी वर्षं मी त्याच्याकडे नीट बघितलंच नव्हतं.

चौदावं पान तू परत पाठवलंस ते वहीत चिकटवलं आहे. जोड दिसतो. दिसू दे.

तुझ्या मालिकेत एकूण दोन वर्षांचे रुपये कमी आहेत असं माझा आणि गुणवंतभाईंचा हिशेब सांगतो. त्यातल्या एकाचा सुगावा त्यांना नवसारीच्या एका घरात आहे. ती वणवण तुझी. पण हवी तर बरोबर येईन.

डॉक्टर ऑक्टोबरच्या मध्यावर नवा चष्मा देणार आणि मग तुम्ही दोघं येणार असं वहिनींनी लिहिलंय. ही फार चांगली बातमी. भाऊबीज इथेच करू. रुपये पोस्टाने पाठवणार नाही, इथे येऊनच घ्यायचे. निजामपुऱ्याचं घर तुम्ही पाहिलेलं नाही. दुसरा मजला, समोर दूधकेंद्र. गरब्याचे कर्णे तोवर उतरलेले असतील, शांत असेल. तुमच्याकडून येणारी अहमदाबादची गाडी किती वाजता पोचते ते स्टेशनवर विचारून ठेवलंय, उशीर झाला तर झाला, मी फलाटावर असेन.

इथल्या गॅलरीत सकाळचा उजेड येतो, दहापर्यंत छान असतो. चहा घेऊन बसू. पहिला रुपया तुझ्या हातात देईन आणि काही सांगणार नाही. ठिपका तू शोधायचा. पहिल्या दिवशी सापडणार नाही, मलाही सापडला नव्हता. तेव्हा वहिनी, परतीची तिकिटं इतक्यात काढू नका.

निरू